वाचक विचारतात: मत वेगळं दिलं म्हणून माणूस परका होतो का?

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या निवडणुकीच्या निमित्ताने एक छोटं टिपण लिहिलं होतं, की ज्यू परंपरेत वादात हरलेल्या बाजूचं मतसुद्धा नावासकट लिहून ठेवतात, तेव्हा आपणही वेगळं मत देणाऱ्याला समजून घ्यावं. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात तर सरळ प्रश्नच विचारलाय, निर्णय जर बहुमतानेच होणार तर एकट्यादुकट्याचं मत नोंदवायचं कशाला, आणि उत्तर असं की पुढे कधी एखाद्या न्यायसभेला तेच मत पटलं तर आधार घ्यायला ते शिल्लक असावं. त्यावर बरीच पत्रं आली, काही प्रेमाची, काही चांगलीच चिडलेली, आणि चिडलेली मी जास्त मन लावून वाचली कारण खरे प्रश्न त्यांच्यात होते. मी मराठी ज्यू, राहते अमेरिकेत, रब्बी, म्हणजे धर्मगुरू, वगैरे नाही, घरी आणि सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, जे ऐकलं वाचलं त्यातून उत्तरं देतेय. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न: ताई, मी आणि माझा मोठा भाऊ दोघंही बरीच वर्षं अमेरिकेत आहोत, दोघंही आता इथले नागरिक. २०२४ च्या निवडणुकीत दादाने एकाला मत दिलं, मी दुसऱ्याला, आणि त्यावरून फोनवर आम्ही एकमेकांना जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून अबोला आहे. वहिनी मधे पडून बघते, पण दादा म्हणतो आधी हिने माफी मागावी आणि मला वाटतं त्यानेच मागावी. दोघांची मतं कागदावर लिहून ठेवणं सोपं आहे हो, एका घरात ती सांभाळायची कशी? तुमच्याकडे यावर काही आहे का?

आहे, आणि तालमुदमधली, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथातली, ही गोष्ट मला इतकी जवळची आहे की जरा ऐसपैस सांगते.

इ. स. ७० मध्ये रोमन फौजांनी जेरुसलेमचं मंदिर जाळलं. त्यानंतर यावने नावाच्या गावात विद्वान मंडळी जमली आणि सगळं गेल्यावर आता धर्म चालवायचा कसा हे ठरवायला लागली. त्यांचे प्रमुख रब्बान गमलिएल, मोठ्या घराण्यातले, हुशार, शिस्तीला अतिशय कडक. त्यांना भीती ही की आता मतभेद वाढले तर उरलेसुरले लोकही पांगतील, आणि ती भीती काही खोटी नव्हती, हे आधी लक्षात घ्या. तर एका विद्यार्थ्याने येऊन विचारलं, रात्रीची प्रार्थना सक्तीची का ऐच्छिक? रब्बी यहोशुआ त्याला आधीच म्हणाले होते ऐच्छिक, गमलिएल म्हणाले सक्तीची. मग भर सभेत गमलिएलनी विचारलं, यावर कुणाचं वेगळं मत आहे का? यहोशुआ म्हणाले नाही. तर हे म्हणतात, मला तर कळलंय की तुम्ही ऐच्छिक सांगितलंत, उभे राहा! आणि त्यांना तसंच ताटकळत उभं ठेवून स्वतः बसून पुढचा पाठ शिकवत राहिले. लोकांत कुजबुज सुरू झाली, मग आवाज चढले, आणि प्रमुखांचं बोलणं मोठ्याने सभेला ऐकवायचं काम ज्याचं होतं त्यालाच लोकांनी सांगितलं, थांब, बास झालं. कारण हे पहिल्यांदा होत नव्हतं, गमलिएलनी यहोशुआंचा असा अपमान आधीही केला होता. गमलिएलना पदावरून काढलं आणि एलाझार बेन अझारिया या तरुणाला बसवलं. दारावरचा पहारेकरी हटवला, कारण गमलिएलचा नियम होता की ज्याचं आतबाहेर एक नाही त्या विद्यार्थ्याने आत यायचं नाही. पहारा उठला तशी इतकी गर्दी झाली की बाकं वाढवावी लागली, चारशे का सातशे यावर तालमुदमध्येच दोन मतं आहेत.

पण मला थांबून बघावंसं वाटतं ते याच्या पुढचं. गमलिएल रुसून घरी बसले नाहीत. पद गेलं त्या दिवशीसुद्धा ते तासभरही गैरहजर राहिले नाहीत असं मुद्दाम नोंदवलंय. चर्चेत बसले, यहोशुआंशीच एका मुद्द्यावर वाद घातला, आणि तो हरले. मग म्हणाले आता जाऊन त्यांची समजूत काढतो. घरी गेले तर भिंती काळ्याकुट्ट. बघून म्हणतात, भिंतींवरून दिसतंय तुम्ही लोहारकाम करता. तेव्हा यहोशुआ म्हणाले, ज्या पिढीचे तुम्ही पुढारी त्या पिढीचं काही खरं नाही, विद्वान माणसं पोट कसं भरतात, काय खस्ता खातात, तुम्हाला पत्ताच नाही!

एकाच सभेत बसणारी, रोज वाद घालणारी ही दोन माणसं, आणि समोरचा काय काम करून जगतो हे एकाला माहीत नाही. एकमेकांची मतं मात्र दोघांना पाठ. तुमच्या बाबतीत पण हेच झालंय का बघा, दादाने कुणाला मत दिलं ते तुम्हाला माहितीये पण देताना त्याच्या डोक्यात काय होतं, नोकरी जाईल ही भीती, मुलांच्या शाळेत काय शिकवतात त्याची काळजी, हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता, का आणखी काही जे तो कुणापाशीच बोललेला नाही, ते विचारलंय का कधी? आणि त्यालाही हेच लागू आहे, तुम्ही का घाबरल्या होतात ते त्याला ठाऊक आहे का? आधी माफी कुणी मागायची हा प्रश्न मी बाजूला ठेवते. गमलिएलची पहिली माफी यहोशुआंनी मनावरच घेतली नाही, उत्तरच दिलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, माझ्या वडिलांच्या मानाखातर तरी, तेव्हा समेट झाला. तुमच्या दोघांचे तर आईवडील एकच आहेत. आणि प्रार्थनेबद्दलचं मत? ते दोघांपैकी कुणी बदललं असं त्या गोष्टीत कुठेही म्हटलेलं नाही. तेव्हा दादाकडे जाताना त्याचं मत बदलायला जाऊ नका, जेवायला जा, आणि पहिला तास निवडणुकीचा विषय काढू नका.

प्रश्न: ज्यू धर्म कोणत्या पक्षाला मत द्यायला सांगतो? सरळ सांगा ना.

कोणत्याच नाही. अमेरिकेतले बहुतेक ज्यू मतदार कित्येक निवडणुका डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेले आहेत, ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरा काटेकोर पाळणाऱ्या, समाजात रिपब्लिकन पक्षाला पाठिंबा जास्त आहे, आणि दोघंही तोरा, आमचा मूळ धर्मग्रंथ, तोच उघडून दाखवतात. मत द्याच असं मात्र सांगितलं गेलंय. रब्बी मोशे फाइनस्टाइन, ऑर्थोडॉक्स जगातला फार मोठा माणूस, सोव्हिएत राजवटीत धर्मावरचा वरवंटा स्वतः सोसून १९३० च्या दशकात न्यूयॉर्कला आलेले, त्यांनी १९८४ मध्ये पत्र काढून सांगितलं की या देशाने आपल्याला मोकळेपणाने जगू दिलं, त्या उपकाराची जाण म्हणून नाव नोंदवा आणि मत द्या. कुणाला ते सांगितलं नाही. मला ते बरोबर वाटतं.

प्रश्न: तुमचा लेख वाचून संताप आला. समजून घ्या, समजून घ्या हे नेहमी मार खाणाऱ्यालाच का सांगतात? ज्याच्या मतामुळे माझ्या घरातल्या माणसाचे कागद, त्याचं इथे राहणं धोक्यात येतं, त्याला मी समजून घ्यायचं? आणि तो काय करणार, बसून बघणार?

तुमचा संताप मला पटतो, आणि माझ्या टिपणात ही बाजू यायला जागा होती. आता नीट लिहिते.

तोरामध्ये निर्गम पुस्तकाचा तेविसावा अध्याय काढून वाचा, लहानसाच आहे. त्यात पाठोपाठ काय काय येतं बघा: वाईट करायला बहुसंख्यांच्या मागे जाऊ नका. खटल्यात गरिबाची सुद्धा बाजू उगीच घेऊ नका. तुमचा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर पाठ फिरवू नका, त्याला मदत करा. आणि थोडं पुढे, परक्याला छळू नका, परक्याचा जीव कसा होतो ते तुम्हाला माहीत आहे, इजिप्तमध्ये तुम्ही परके होतात. हे सगळं एका दमात सांगितलंय. म्हणजे शत्रूला हात द्या म्हणणारा आवाज आणि गर्दीबरोबर वाहवत जाऊ नका म्हणणारा आवाज एकच आहे, यातलं एक घेऊन दुसरं सोडायची सोय नाही.

आता ते गाढव. रब्बींनी त्यावर इतका बारीक विचार केलाय की वाचताना रस्त्यावर उभं राहून बघतोय असं वाटतं. समजा एकीकडे मित्राचं गाढव ओझ्याखाली दबलंय, ओझं उतरवायचंय, आणि दुसरीकडे ज्याच्याशी तुमचं वैर आहे त्याला ओझं चढवायला मदत हवीय. एरवी उतरवणं आधी, कारण मुकं जनावर त्रासात आहे. तरी तालमुद म्हणतो, आधी वैऱ्याकडे जा, तुमच्या मनातली ती अढी मोडायला. आता हे वाचून तुम्ही म्हणाल बघा, पुन्हा मलाच शहाणपण! पण याच विषयावर मिश्नामध्ये दुसराही नियम आहे. गाढवाचा मालक बाजूला जाऊन बसला आणि म्हणाला, कर्तव्य तुझं आहे ना, मग उतरव तू, तर तुमच्यावर काही बंधन नाही, कारण मूळ वाक्यात त्याच्यासोबत मदत करा असं आहे. मालक म्हातारा किंवा आजारी असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा एकट्याने करायचं. पण हात चालत असून जो बसून बघतो, त्याचं ओझं तुम्ही एकट्याने उचलायचं नाही.

तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर हे आहे. तो बसून बघणार असेल तर तुमच्यावर सक्ती नाही. तुम्ही मतदार नोंदणीला जा, वकील गाठा, मोर्चात चाला, आमदार-खासदाराच्या ऑफिसला रोज फोन करा, त्यात समजून घेण्याविरुद्ध काहीही नाही. रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल १९६५ मध्ये सेल्माला काळ्या लोकांच्या मताच्या हक्कासाठी मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर चालले आणि नंतर म्हणाले की माझे पाय प्रार्थना करत होते असं वाटलं. रब्बी योआकिम प्रिंझ हिटलरच्या काळात बर्लिनमध्ये रब्बी होते, १९३७ मध्ये तिथून हाकलले गेले, २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनच्या नागरी हक्कांसाठीच्या त्या प्रचंड मोर्चात बोलताना त्यांनी सांगितलं की त्या दिवसांत मी शिकलो ते हे, द्वेष हा सगळ्यात मोठा प्रश्न नाही, सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे गप्प बसणं. ही माणसं मवाळ नव्हती. पण लढताना समोरच्याला माणसातून उठवलं नाही, आणि मी तुमच्याकडून एवढंच मागतेय, तेही तुमच्या तब्येतीला झेपेल तेवढंच.

प्रश्न: सहवेदनेच्या इतक्या गप्पा, मग गाझाबद्दल ज्यू काय म्हणतात? निवडणुकीत याच विषयावरून एवढा गदारोळ झाला आणि तुम्ही अवाक्षर काढलं नाही.

काढते. सगळे ज्यू एक काही म्हणत नाहीत, आमच्या सिनेगॉगमध्ये शेजारी शेजारी बसणारे लोक यावर एकमेकांशी बोलायचे थांबलेत. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, आणि त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारो लेकरांसकट दहा हजारांच्या कितीतरी पट माणसं मेली. मला दोन्हीचं दुःख आहे आणि एकाचं सांगितलं की दुसऱ्याचं कमी होतं असं मी मानत नाही. परक्याचा जीव तुम्हाला माहीत आहे हे वाक्य आम्हाला उद्देशून लिहिलंय, ते फक्त आम्ही कमजोर असताना लागू आणि हातात सैन्य आल्यावर रद्द, असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि त्याच वेळी अमेरिकेतल्या कुठल्यातरी ज्यू मुलाला कॉलेजात दुसऱ्या सरकारच्या करणीचा जाब विचारणं, सिनेगॉगच्या भिंतीवर घाण लिहिणं, हेही मला मान्य नाही. यावर माझ्याशी सहमत नसलेली पत्रं येणार मला माहितीये, पाठवा.

प्रश्न: जास्त लोकांनी निवडून दिलं म्हणजे तेच खरं, असं तुमची परंपरा मानते का? आमच्याकडे हल्ली जिंकलेला माणूस म्हणतो लोकांनी कौल दिलाय, आता तोंड बंद ठेवा.

निर्णय बहुमताचा, हे मानते. खरं काय ते बहुमताने ठरतं, हे नाही मानत. आणि बहुमत मोजण्याआधी ते मोकळेपणाने तयार झालंय ना याची फार काळजी घेते. जिवाशी खेळ असलेल्या खटल्यात तेवीस न्यायाधीश बसायचे, तेव्हा मत द्यायला सुरुवात बाजूला बसलेल्या कनिष्ठांपासून करायची, कारण मोठे आधी बोलले की धाकटे मान डोलावतात. तालमुदमध्ये असंही एक मत आहे की सगळ्यांनीच एकमुखाने दोषी ठरवलं तर आरोपीला सोडा! बचावाची बाजू मांडणारं एकही माणूस नसेल तर तो खटला नीट चाललाच नाही.

पण परंपरेचं नुसतं गोडगोड सांगून मला थांबायचं नाहीये. हिलेल आणि शम्माई या दोन जुन्या गुरूंच्या शिष्यांचे वाद आम्ही मुलांना कौतुकाने शिकवतो, तीन वर्षं वाद चालला, मग आकाशवाणी झाली की हेही आणि तेही जिवंत देवाचेच शब्द, पण आचरण हिलेलच्या मताप्रमाणे, कारण ते नम्र होते आणि स्वतःचं सांगण्याआधी शम्माईचं मत सांगायचे. छान आहे हे. पण मिश्नामध्ये आणखी एका दिवसाची नोंद आहे. हनन्या बेन हिझकिया नावाच्या माणसाच्या माडीवर सगळे जमले, मतं मोजली, शम्माईवाले जास्त भरले आणि त्या दिवशी अठरा नियम पास झाले. आता तालमुद म्हणतो की त्या दिवशी सभागृहात तलवार रोवली होती, आत यायचं त्याने यावं पण बाहेर कुणी जायचं नाही, आणि तालमुद दोन आहेत, त्यातल्या जेरुसलेमच्या तालमुदमध्ये तर शम्माईच्या शिष्यांनी खाली उभं राहून हिलेलच्या शिष्यांना ठार मारलं असं आहे. तो दिवस पूर्वजांनी देव सोडून सोन्याचं वासरू पूजलं त्या दिवसाइतकाच वाईट गेला, असा शेरा आहे. नियम पास झाले, मोजणी बरोबर होती, आणि तरीही पुढच्यांनी त्या दिवसाला काळा दिवस म्हणून ठेवलं. आपल्याच पूर्वजांच्या मतदानाबद्दल हे लिहून ठेवायला छाती लागते.

तेव्हा तुमच्या त्या जिंकलेल्या माणसाला कौल मिळालाय, कारभार करायचा हक्क मिळालाय. तुमचं तोंड बंद करायचा हक्क त्या कौलात येत नाही. तालमुदमधले रब्बी योहानान आणि रेश लाकिश आयुष्यभर वाद घालायचे, रेश लाकिश वारल्यावर योहानानना दुसरा एक हुशार सोबती दिला, तो प्रत्येक वाक्याला म्हणायचा, तुमच्या म्हणण्याला दुजोरा देणारं अमुक ठिकाणी आहे. योहानान चिडले, म्हणाले, माझं बरोबर आहे हे मला माहीत नाही का? रेश लाकिश माझ्या एका मतावर चोवीस आक्षेप काढायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, आणि त्यातून विषय मोकळा व्हायचा. मग कपडे फाडून त्याच्या नावाने रडत फिरले. हो ला हो करणाऱ्यांच्या गराड्यात बसलेल्या कुठल्याही पुढाऱ्याला मला हे वाचून दाखवायचंय.

प्रश्न: आपण ज्याला मत दिलं नाही तो निवडून आला तर त्याच्यासाठी प्रार्थना करायची? सिनेगॉगमध्ये करतात म्हणे.

करतात, शनिवारी सकाळी, देशाच्या सरकारसाठी. त्यावरून वाद पण झालेत, काहींना नको त्या नावाची आठवण होते आणि घशाखाली उतरत नाही. मिश्नामध्ये रब्बी हनिना यांचं म्हणणं आहे की राज्यासाठी प्रार्थना करा, त्याचा धाक नसता तर माणसांनी एकमेकांना जिवंत गिळलं असतं. लक्षात घ्या तेव्हा राज्य रोमचं होतं, आवडायचा प्रश्नच नव्हता. संदेष्टा यिर्मयानेही बाबिलोनला धरून नेलेल्या लोकांना कळवलं होतं की जिथे नेलंय त्या शहराचं भलं चिंता, त्याच्या भल्यातच तुमचं भलं. मी स्वतः म्हणते ती प्रार्थना, दोन्ही बाजूंच्या अध्यक्षांच्या काळात म्हटलीय. त्यांना सुबुद्धी मिळो हे मागण्यात मला कमीपणा वाटत नाही, आणि सोमवारी त्यांच्याच विरुद्ध सही करायलाही नाही.

प्रश्न: मी कॉलेजात आहे. इतर लोकांपेक्षा ज्यू लोकशाहीबद्दल एवढे हळवे का असतात? हिटलर पण निवडणुकीतूनच वर आला ना?

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे म्हणून तिथूनच सुरू करते. पहिल्या महायुद्धानंतरच्या वायमार जर्मनीची १९१९ ची राज्यघटना ज्याने मुख्यत्वे लिहिली तो ह्यूगो प्रॉइस हा ज्यू कायदेपंडित. चौदा वर्षांत तीच घटना पोकळ झाली. नाझी पक्ष १९३२ मध्ये सगळ्यात मोठा पक्ष झाला, पण मोकळ्या निवडणुकीत त्याला निम्मी मतं कधीच मिळाली नाहीत, हिटलरला ३० जानेवारी १९३३ ला चॅन्सेलर नेमलं गेलं, मार्चमध्ये संसदेनेच कायदे करायचे अधिकार त्याच्या सरकारला देऊन टाकले. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व काढलं, मताचा हक्क त्याच्याबरोबरच गेला. म्हणजे आधी मत गेलं, मग दुकान, मग घर, मग जीव, या क्रमाने ज्यांच्या आजीआजोबांनी बघितलंय ती माणसं मतपत्रिका हातात घेताना हळवी होणारच.

आणि मिळालं तेही सहज मिळालेलं नाही. फ्रान्सने १७९१ मध्ये ज्यूंना नागरिक मानलं. इंग्लंडमध्ये लायोनेल दी रॉथ्सचाइल्ड १८४७ मध्ये निवडून आला पण ख्रिस्ती शपथ घेत नाही म्हणून त्याला संसदेत बसू दिलं नाही, लोक पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले, शेवटी १८५८ मध्ये आत बसला. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९० मध्ये न्यूपोर्टच्या ज्यू मंडळींना पत्र लिहिलं की हे सरकार धर्मांधतेला थारा देत नाही आणि छळाला हातभार लावत नाही. ते पत्र आम्ही आजही वाचतो. पण त्याच काळात त्याच देशात माणसं गुलाम म्हणून विकली जात होती, खुद्द वॉशिंग्टनकडे गुलाम होते, हेही त्याच्या शेजारीच ठेवून वाच बाळा. आपल्याला मिळालेला हक्क दुसऱ्याला मिळाला का हे विचारल्याशिवाय ते पत्र अर्धंच वाचलं जातं.

प्रश्न: आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक काका निवडणुकीपासून भयंकर मेसेज टाकतात, अमक्यांना गोळ्या घातल्या पाहिजेत वगैरे. सगळे म्हणतात लक्ष देऊ नको, त्यांचा स्वभावच तसा आहे. खरंच सोडून द्यावं का?

नाही, सोडू नका.

आमच्याकडे रोश हशाना, म्हणजे नवं वर्ष, झालं की लगेच एक उपास येतो, गदल्याचा उपास. अमेरिकेत तो नेमका प्रचार तापलेला असतो तेव्हा येतो. जेरुसलेमचं पहिलं मंदिर, रोमनांच्या कितीतरी आधी, पडल्यावर बाबिलोनच्या राजाने उरलेल्या ज्यूंवर गदल्या नावाचा एक ज्यूच कारभारी नेमला. काहींना तो शत्रूचा हस्तक वाटला. राजघराण्यातला इश्माएल नावाचा माणूस दहा जण घेऊन त्याच्याकडे आला, एका पंगतीला बसून जेवला, आणि उठून त्याचा खून केला. घाबरून उरलेले लोक इजिप्तला पळाले, होतं नव्हतं ते संपलं. एका राजकीय खुनासाठी आम्ही अडीच हजार वर्षं उपास करतोय, आणि तरीही ४ नोव्हेंबर १९९५ ला तेल अवीवमध्ये इस्राएलचे पंतप्रधान राबिन यांना एका ज्यू माणसानेच गोळ्या घातल्या. त्याआधी कित्येक महिने त्यांना गद्दार म्हणणारे फलक मोर्च्यांमध्ये मिरवत होते आणि तेव्हाही म्हणणारे असणारच की लक्ष देऊ नका, नुसतं बोलतात.

गदल्याला आधी सावध केलं होतं. योहानान नावाच्या सरदाराने येऊन सांगितलं, इश्माएल तुला मारायला येतोय. त्याने विश्वास ठेवला नाही, म्हणाला तू त्याच्याबद्दल खोटं बोलतोयस. भला माणूस होता. पण तालमुद त्याच्या भलेपणाचं कौतुक करत बसत नाही, त्याने सावधपणाचा सल्ला कानाआड केला म्हणून इश्माएलने मारलेल्या माणसांचा थोडा दोष त्याच्यावरही ठेवतो. कुणाचं वाईट बोलणं ऐकून लगेच खरं मानायचं नाही, पण खबरदारी घ्यायची, हा तिथला निष्कर्ष आहे.

काकांचं काय करायचं ते सांगते. ग्रुपवर सगळ्यांसमोर त्यांना झापू नका, चारचौघांत माणसाचा चेहरा पांढरा पडेल असं बोलणं म्हणजे रक्त सांडणं, इतकं कडक आमच्याकडे म्हटलंय. वेगळा फोन करा. मेसेज नको, फोनच, आवाज कळू दे. म्हणा, काका, तुमचा राग मला कळतो, पण त्या अमक्यांमध्ये माझ्या ओळखीची माणसं आहेत, आणि गोळ्या घाला हे मला वाचवत नाही, तुम्ही ते काढून टाका. मग गप्प बसा आणि ते काय म्हणतात ते ऐका, बहुतेक वेळा भलतंच काही बाहेर येतं, रिटायर झाल्यावर कुणी विचारत नाही, मुलगा बोलत नाही, असलं काही. तसं असेल तर वरचेवर फोन करत जा. पण बोलता बोलता त्यांनी कुणाचं नाव, जागा, दिवस असं काही काढलं किंवा घरात बंदूक आहे असं कळलं, तर नातं बघत बसू नका, त्याच दिवशी काकूंना सांगा आणि पोलिसांना कळवा.